ज्यांची नावं सांगायची नाहीत

[दृश्य: सांगली, मार्केट यार्ड. हळदीची पोती, हमाल, ट्रक भरतायत.]

निवेदन:
सांगलीची हळद इथून देशभर जाते, आणि तिच्यामागे ट्रक, ड्रायव्हर, क्लीनर जातात. शेजारच्या मिरजेत रेल्वेचं जंक्शन आहे. डॉक्टर वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली तिथं सुरू झालं, त्यामुळं निम्म्या उत्तर कर्नाटकाचे पेशंट आजही मिरजेलाच उतरतात. वर खानापूर, आटपाडी, विटा हा दुष्काळी पट्टा. तिथली पोरं गलाईच्या धंद्यात शिरतात आणि सोनं-चांदी गाळायला परमुलखात जातात. दिवाळीला, जत्रेला घरी येतात.

एचआयव्हीला जिल्हाभर पोचायला एवढं येणं-जाणं पुरेसं होतं.

[दृश्य: सकाळची गल्ली. बंद दारं, धुतलेले कपडे, एक कुत्रं.]

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉक्टर सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. नमुने होते वेश्याव्यवसायातल्या बायकांचे. डॉक्टरांनी शोध लावला आणि देशानं बोट दाखवलं ते या बायकांकडं. त्यांना हा आजार दिला कोणी, हे विचारायला फारसं कोणी गेलं नाही.

सांगलीत गोकुळनगर आहे, वेश्यावस्ती. इथल्या कित्येक बायका कर्नाटकातून आलेल्या, कानडी बोलणाऱ्या. काही यल्लम्माला सोडलेल्या. १९९२ मध्ये मीना सरस्वती शेषू यांनी ‘संग्राम’ संस्थेचं काम सांगलीत सुरू केलं, आणि ते या गल्लीत आलं. १९९६ साली बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प. सांगली, मिरज, कराड, साताऱ्यापासून पार निपाणीपर्यंतच्या बायका तिच्यात आल्या.

आजची गोष्ट संस्थेची नाही. त्या पहिल्या काही वर्षांत पिशवी खांद्याला लावून ज्या दारोदार फिरल्या, आणि आज नाहीत, त्यांची आहे.

[दृश्य: कापडी पिशवी. कंडोमची पाकिटं मोजणारे हात. चेहरा नाही.]

काम ऐकायला सोपं आहे. कंडोम वाटायचे. पण घरवालीला, म्हणजे कोठा चालवणारीला, पटवायचं, की बाई आजारी पडली तर तुझंच नुकसान. दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी हुज्जत कशी घालायची, हे नव्या पोरीला शिकवायचं. लिहिता येत नसेल तर रेघा मारून हिशेब ठेवायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मालक. मालक म्हणजे कायमचा माणूस, जिच्याकडं येतो तिनं ज्याला नवरा मानलेलं असतं तो. गिऱ्हाइकाला ‘लाव’ म्हणणं जमतं. मालकाला म्हटलं, की तुझा माझ्यावर विश्वास नाही का, इथून भांडण सुरू. बाहेरच्या तज्ज्ञांना हे घरातलं दार दिसलंही नसतं. या बायकांना दिसलं, कारण त्यांच्या स्वतःच्या खोलीत मालक होता. त्यांच्यातल्या काहींना आजार त्याच दारानं झाला, असं मानायला भरपूर जागा आहे.

मग दवाखाना. ताप उतरत नाही, खोकला जात नाही, वजन उतरतंय. एचआयव्हीच्या माणसाला आपल्याकडं मारलं ते बहुतेक वेळा टीबीनं. पेशंटला रिक्षात घालायचं, केसपेपर काढायचा, नर्सनं हात लावायला नकार दिला तर तिथंच उभं राहून भांडायचं, आणि कोणीच पुढं आलं नाही तर आपणच अंग पुसायचं. त्या काळात दवाखान्यात कॉटला वेगळी खूण बांधलेली असायची. मयताला खांदा द्यायला माणसं मिळायची नाहीत. कुठं नातेवाईक यायचे, कुठं नुसता निरोप यायचा, की तिकडंच उरकून घ्या. उरकलं या बायकांनीच.

जिनं चार जणींना असं पोचवलं, तिला पुढं काय आहे हे पाठ होतं. तरी ती सकाळी पिशवी घेऊन निघायची. याला धाडस म्हणावं की सवय, हे मी ठरवू शकत नाही. त्यांनी स्वतः यातला कुठलाच शब्द वापरला असता असं वाटत नाही.

[दृश्य: काळा पडदा. काही सेकंद नुसता काळा पडदा.]

इथं आम्ही आवाज बंद केला होता. एका खोलीत बसून चार बायका नावं सांगत होत्या. एकीनं सुरुवात केली, दुसरीनं दुरुस्त केलं, तिसरी म्हणाली ती आधीच गेली होती, पावसाळ्यात. नावं संपेनात. ती आम्ही टेपवर घेतली नाहीत.

कारण साधं आहे. त्यातल्या कित्येकींची मुलं आज मोठी झालीत. कोणी नोकरीला आहे, कुणाच्या सुना आल्यात. गावाकडं आई ‘टीबीनं गेली’ एवढंच माहीत आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करायची नाही, असं तो सांगतो. पण कायदा नसता तरी इथं कॅमेरा खालीच ठेवावा लागला असता.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. वॉशिंग्टनचं मैदान, अंथरलेली गोधडी.]

अमेरिकेत उलट झालं. क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलेल्यांच्या नावाची कापडं शिवून ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनला अंथरली. पहिल्या दिवशी १,९२० कापडं होती. प्रत्येक तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे माणूस पुरायला लागते साधारण तेवढी जागा. पण त्या गोधडीतही काही कापडांवर पूर्ण नाव नाही, नुसती आद्याक्षरं आहेत. लाज तिकडंही होती.

आपल्याकडं नाव उघड राहिलं ते गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाचं. रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस एकटा कोंडून ठेवला. आई त्याच्यासाठी कोर्टात गेली. तो बाहेर आला, लोकांसमोर बोलला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली. १९९२ च्या मे महिन्यात गेला. सांगलीतलं काम सुरू झालं ते त्याच वर्षी. डॉमिनिकच्या पाठीशी आई होती, मित्र होते, शिक्षण होतं. म्हणून त्याचं नाव घेता येतं. हे त्याचं मोठेपण कमी करायला म्हणत नाही. पण नाव घेता येणं हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि ती गोकुळनगरच्या वाट्याला आली नाही.

[दृश्य: सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. बाक, रांग, हातात हिरवी वही.]

आता तारखा बघा. तीन औषधं एकत्र दिली तर माणूस जगतो, हे जगाला १९९६ साली कळलं. २००१ मध्ये आपल्याच सिप्लानं आफ्रिकेतल्या पेशंटांसाठी वर्षाला ३५० डॉलरचा भाव जाहीर केला आणि परदेशी कंपन्यांचे हजारो डॉलरचे भाव हलले. सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या सुरू झाल्या १ एप्रिल २००४ ला, सगळ्या देशात आठ ठिकाणी. आपल्या राज्यात मुंबईचं जे. जे. होतं. सांगली त्या आठांत नव्हती.

१९९६ ते २००४. औषध होतं, ते गल्लीपर्यंत आलं नव्हतं. पिशवीवाल्या बायकांपैकी कितीतरी जणी या आठ वर्षांत गेल्या. सुरुवातीला गोळ्या मिळायला सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली यावा लागे. मग ती अट ३५० झाली, मग ५००. २०१७ पासून आकडा बघतच नाहीत, तपासणीत निघालं की गोळी सुरू.

मधे अमेरिकेच्या एड्स निधीला २००३ च्या तिथल्या कायद्यानं एक अट आली: वेश्याव्यवसायाला विरोध आहे असं लिहून द्या. २००५ मध्ये संग्रामनं ते लिहून द्यायला नकार दिला आणि पैसा सोडला. ज्यांनी काम उभं केलं त्यांच्याच विरोधात कागदावर सही करायची, असं ते होतं. पैशाची गरज नव्हती म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं.

[दृश्य: तीच खोली, संध्याकाळ. चहाचे कप. आवाज सुरू. चेहरे चौकटीबाहेर.]

शेवटच्या दिवशी या खोलीत वाद झाला. एक मावशी गेल्या वर्षी वारली. अठरा-एकोणीस वर्षं न चुकता गोळ्या घेतल्या, नातू खेळवला, आणि गेली ती हार्टनं. डिसेंबरच्या एक तारखेला, जागतिक एड्स दिनाला, गेलेल्यांची नावं घ्यायची, त्यात तिचं घ्यायचं का?

एकीचं म्हणणं, नाही. ती एड्सनं गेलीच नाही, मग कशाला तिला त्यात ओढायचं.

दुसरी उसळली. अगं, हीच तर त्याला हरवून गेली, हिचं पहिलं घ्या.

तिसरीनं विचारलं, तिच्या पोराला विचारलंय का कुणी?

कुणीच विचारलं नव्हतं. मग त्याला फोन कोणी करायचा, आणि कामावरून सुटायच्या आधी की नंतर, यावर पुन्हा सुरू झालं.