भादली बुद्रुकचा उमेदवारी अर्ज

नमस्कार श्रोतेहो. तृतीयपंथी माणसांना आपण काय काय म्हणत आलो आणि ते शब्द कसे बदलत गेले, हा आजचा विषय आहे.

ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायला सांगितलं होतं. कायद्यातला इंग्रजी शब्द होता ‘युनक’, म्हणजे नपुंसक. माणसात काय नाही, तेवढंच सांगणारा शब्द. पुढे २००९ साली निवडणूक आयोगानं मतदार नोंदणीत ‘इतर’ हा पर्याय दिला. स्त्री किंवा पुरुष म्हणूनच नाव लावण्याची सक्ती गेली, ही मोठी गोष्ट झाली. पण ‘इतर’ हा शब्द मला आजही खटकतो. जमाखर्चाच्या वहीत किरकोळ खर्चाला तो शोभतो, माणसाला नाही. मग १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडायला उभ्या होत्या.

ज्याची त्यानं ठरवायची. एवढं लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला जळगाव जिल्ह्यात घेऊन जाणार आहे.

गाव भादली बुद्रुक. डिसेंबर २०२०, ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. अंजली पाटील यांनी उमेदवारी अर्ज भरला. गुरूच्या नावासकट त्यांचं नाव अंजली गुरू संजना जान. वॉर्ड सर्वसाधारण महिलांसाठी राखीव, आणि अंजलीताई स्वतःला स्त्री मानतात, म्हणून अर्ज स्त्री म्हणून भरला. छाननीत तो बाद झाला. कारण काय, तर उमेदवार तृतीयपंथी आहे आणि जागा महिलेची आहे.

इथं जरा थांबू या. शिवी टाळायची म्हणून आपण ‘तृतीयपंथी’ म्हणायला लागलो, आदरानं म्हणायला लागलो. आणि त्याच आदराच्या शब्दानं अंजलीताईंच्या तोंडावर दार लावलं गेलं. तुम्ही तिसऱ्या, म्हणून तुम्ही बाई नाही.

अंजलीताई गप्प बसल्या नाहीत. मतदान तोंडावर आलेलं. त्यांनी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ गाठलं. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निकाल दिला. ही व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, तो तिचा हक्क आहे, तिला या जागेवरून लढू द्या. फक्त पुढे फायद्यासाठी ही ओळख बदलायची नाही. १५ जानेवारीला मतदान झालं, १८ तारखेला मोजणी झाली आणि अंजलीताई निवडून आल्या!

याच्या वीसेक वर्षं आधी मध्य प्रदेशात कटनीला कमला जान या तृतीयपंथी उमेदवार अशाच महिला राखीव जागेवर महापौर झाल्या होत्या. त्यांची निवड न्यायालयानं रद्द केली, कारण कायद्याच्या लेखी त्या पुरुष ठरल्या. कटनीत हरलेली गोष्ट भादलीत जिंकली, कारण मधल्या काळात ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला मिळाला होता.

आणि राखीव जागेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बाई निवडून येते आणि कारभार तिचा नवरा बघतो, हे गावोगाव चालतं. त्यावर कुणी हरकत घेत नाही. खरी हरकत तिथं घ्यायला हवी.

तर शब्दांकडे येऊ. ‘हिजडा’ हा शब्द आपण रस्त्यावर फेकतो तेव्हा शिवी होते. पण गुरू-चेल्यांच्या घराण्यात वाढलेली व्यक्ती तोच स्वतःसाठी अभिमानानं वापरते. कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेणारा जोगता स्वतःला जोगताच म्हणवतो. कुणी किन्नर म्हणतं, कुणी ट्रान्सवुमन, कुणी पारलिंगी. आणि अंजलीताईंसारखी एखादी म्हणते, मी बाई आहे, बास. समोरचा स्वतःला जे म्हणतो, तेच आपणही म्हणावं.

ज्यांना जन्मतः मुलगी ठरवलं गेलं पण जे पुरुष आहेत, त्यांना यातला हिजडा, किन्नर, जोगता असा एकही शब्द लागू पडत नाही. टाळी वाजवणारी, साडी नेसलेली व्यक्ती हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं, म्हणून ही मुलं आपल्याला दिसतच नाहीत. ती स्वतःला ट्रान्समॅन म्हणतात, काही जण पारलिंगी पुरुष म्हणतात, आणि बरेच जण नुसतं पुरुष. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत जुनं नाव त्यांच्या मागे येतं. त्यांच्याबद्दल पुढच्या भागात सविस्तर बोलू. नमस्कार.