वाढत्या पायाचे बूट

(अजिंक्यताऱ्याचा रस्ता. अजून पुरतं उजाडलेलं नाही. कॅमेरा डांबराला टेकलेला.)

डिसेंबर. पहाटेचे सहा. किल्ल्याच्या चढावर रोजची मंडळी निघालीत. कानटोप्या, मफलर, कुणाच्या खिशातल्या मोबाइलवर अभंग. त्यांच्या मधून हे दोन केशरी प्लास्टिकचे ठोकळे टक् टक् करत चाललेत. आत माझे पाय आहेत.

पहिल्या वळणापर्यंत तिघांनी विचारलं. एका काकांना वाटलं, दोन्ही पायांना प्लास्टर आहे. "एवढं लागलंय तर घरी बसायचं ना पोरी, कशाला चढतीस?" दुसऱ्यांना वाटलं, सिनेमाचं शूटिंग आहे. तिसरे अपशिंगे मिलिटरी या गावचे, सैन्यातून निवृत्त. ते थांबले, बुटांकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले: "गुलमर्ग?"

मी म्हटलं, हो काका.

"आम्हाला मिळाला तो बूट घालायचा. पाय बुटाला बसवायचा," असं म्हणाले आणि झपाझप पुढे गेले.

(काकांची पाठ. वर किल्ल्याचा दरवाजा.)

हे स्की-टूरिंगचे बूट. साताऱ्यात बर्फ रसवंतीत नाहीतर गोळेवाल्याकडे, हे मलाही ठाऊक आहे. पण जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टी साठवून मी गुलमर्गला जाते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. गुलमर्गचं कुरणच सुमारे २६५० मीटरवर आहे, आणि वर अफरवटचा डोंगर ४००० मीटरच्या घरात जातो. गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. कासच्या शेजारी राहणाऱ्याला हे नाव लगेच आपलं वाटतं. लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलही तिथेच, १९४८ पासून. अपशिंगेच्या काकांना बूट ओळखता आले ते त्यामुळेच असणार.

नेहमीच्या स्कीइंगमध्ये गंडोला म्हणजे केबल कार तुम्हाला वर नेते, तुम्ही फक्त घसरत खाली येता. टूरिंगमध्ये चढायचंही आपणच. स्की म्हणजे बुटाखाली लावायची लांब फळी. तिच्या तळाला एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखर सील प्राण्याच्या कातड्याची असायची, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून बघा: केसांच्या दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की अडतो. स्किन तशीच. पुढे सरकते, मागे घसरत नाही.

(बुटाचं पुढचं टोक, अगदी जवळून. दोन्ही बाजूंना धातूची बारीक भोकं.)

ही दोन भोकं बघा. स्कीवरच्या दोन पिना यांत शिरतात आणि चढताना बूट फक्त पुढच्या टोकाला धरतात. टाच मोकळी. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलनं ही युक्ती काढली. जड सामान ओढून कंटाळलेला माणूस काय काय शोधून काढेल सांगता येत नाही. मागे ही एक दांडी आहे. ती वर केली की घोट्यावरचा भाग पुढेमागे झुलतो, चालता येतं. खाली केली की सगळं एकजीव होतं आणि बूट उतरायला तयार.

म्हणजे एकाच बुटानं दिवसभर दोन उलटी कामं करायची. चढताना टाच हजारो वेळा उचलायची, आणि उतरताना पाय असा आवळून धरायचा की गुडघा वाकवला की स्की वळली पाहिजे. चढताना टाच आतल्या आत थोडी जरी सरकली, तरी तासाभरात फोड.

हे मी कसं शिकले ते सांगते.

(जुना फोटो: शाळेचा गणवेश, काळे बूट.)

आमच्या घरी जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला पोवई नाक्यावर जायचं. वडील दुकानदाराला सांगायचे, "वाढत्या पायाचे दाखवा." मग एक नंबर मोठा बूट यायचा, पुढे कापसाचा बोळा. दिवाळीपर्यंत कापूस, संक्रांतीला बरोबर, आणि पुढच्या जूनला अंगठा वर आलेला. सातारा-सांगलीकडच्या निम्म्या माणसांचे पाय असेच वाढलेत. उरलेला वेळ चपला. त्यामुळे चवडा ऐसपैस पसरलेला, टाच मात्र बारीक. बोटांना मोकळीक लागते, नाहीतर आपल्याला बूट चावल्यासारखा वाटतो.

गुलमर्गला माझे पहिले बूट मी असेच घेतले. जुने, परत निघालेल्या एका प्रवाशाकडून, स्वस्तात. पाय घातला तर काय सुख! बोटं हलत होती, कुठे दाबत नव्हतं. वर थंडी म्हणून लोकरीचे दोन मोजे चढवले. म्हटलं, झालं काम.

पहिल्या चढाला टाच उचलू लागली. उचलते म्हणून वरच्या कड्या, म्हणजे बुटाची बकलं, आवळल्या. टाच काही थांबली नाही, कारण कड्या पायाच्या वरच्या उंचवट्याला दाबतात, टाच तर मागे मोकळीच. त्या उंचवट्याखालूनच बोटांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्या दाबल्या तशी बोटं बधिर झाली. बधिर झाली तशी गार पडली. मला वाटलं थंडीनं होतंय, म्हणून आणखी आवळलं. दुसरा मोजा आत गोळा झाला तो निराळाच. आणि उतरताना पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख प्लास्टिकवर आपटत राहिलं. चौथ्या दिवशी दोन्ही नखं काळी. मोठा बूट मोकळा असतो, हा समज मी नखांसकट सोडला.

(भिंत, फरशी, कागद. एक पाय टाच भिंतीला टेकवून उभा.)

साताऱ्याला आल्यावर आधी पाय मोजला. स्कीच्या बुटाला सहा-सात-आठ असे नंबर नसतात, सेंटिमीटर असतात. टाच भिंतीला, सगळा भार पायावर, सर्वांत लांब बोटापाशी पेन्सिलची रेघ. संध्याकाळी मोजायचं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. माझा पाय भरला २५.२ सेंटिमीटर. आणि ते जुने बूट? २७.५ चे. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग वाढत्या पायाचेच की."

खरी परीक्षा कवचाची. आतला मऊ भाग, ज्याला लायनर म्हणतात, तो बाहेर काढायचा. रिकाम्या प्लास्टिकमध्ये पाय घालून बोटं पुढे हलकेच टेकवायची आणि टाचेमागे बोट घालून बघायचं. एक-दीड बोट जागा असली तर बूट तुमचा. दोन म्हणजे सैल. माझ्या जुन्या बुटात तीन बोटं गेली, वर करंगळीही जायला बघत होती.

यात एक गंमत आहे, दुकानदार सहसा सांगत नाहीत. २५ आणि २५.५ यांचं कवच बहुतेक एकच असतं, फरक आतल्या लायनरचा किंवा तळपट्टीचा. अर्धा नंबर वाढवून जागा मिळाली असं वाटतं, प्लास्टिक तेवढंच.

नवे बूट २५.५ चे. मावसभाऊ जर्मनीहून येताना घेऊन आला. घातल्या घातल्या ताठ उभी राहिले तर बोटं पुढे टेकली. जीव धसकला. मग गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली, तशी टाच मागच्या खळग्यात बसली आणि बोटं सुटली. स्कीचा बूट असाच बघायचा, वाकून. लांबी जमली. पण चवडा! करंगळीच्या मुळाशी आणि आतल्या घोट्याच्या हाडावर असं दाबत होतं की दहा मिनिटांत घामच फुटला. लांबी वाढवून रुंदी मिळवायची नाही, एवढं मी शिकले होते. रुंदी बुटातच काढायची.

(चांभारकाकांची पेटी. रापी, आरी, लाकडी फर्मे.)

मोती चौकाच्या पुढे एक काका बसतात. माझ्या आजोबांच्या वहाणा त्यांच्या वडिलांनी शिवलेल्या. बूट हातात घेऊन त्यांनी चारी बाजूंनी फिरवला, नखानं टकटक केलं.

"ताई, ह्याला टाका घालू कुठं? ह्यात चामडं कुठाय?"

मी सांगितलं, पूर्वी चामड्याचेच असायचे, १९६० च्या दशकात प्लास्टिक आलं.

"म्हंजी तवा आमचंच काम होतं की," ते म्हणाले. जरा नाराजीनंच.

चामड्याचं ठीक असतं. तेल पाजा, फर्म्यावर चढवा, दोन दिवसांत वहाण पायाची होते. प्लास्टिक तापवल्याशिवाय हलत नाही. पण तापवायचं नेमकं कुठे, हे तापवण्याआधी कळायला हवं. बाहेरचे कारागीर हाडाच्या जागी लिपस्टिकची खूण करतात. माझ्याकडे लिपस्टिक नव्हती. काकांच्या पेटीच्या झाकणात देवाचा फोटो होता आणि खाली कुंकवाची डबी. त्यांनी चिमूटभर कुंकू घेतलं, तेलाच्या थेंबात कालवलं. लायनर माझ्या पायात होताच. वरून अंगठ्यानं चाचपत त्यांनी घोट्याचं हाड शोधलं आणि तिथे टिळा लावला. दुसरा करंगळीच्या मुळाशी. मग पाय कवचात घातला, कड्या लावल्या, दहा-बारा वेळा पुढे वाकले आणि अलगद बाहेर काढला.

(कवचाच्या आत, टॉर्चच्या उजेडात. दोन लाल ठिपके.)

हे बघा. घोट्याचा ठिपका मला वाटलं होतं त्यापेक्षा बोटभर मागे होता. माझ्या अंदाजानं गेले असते तर भलतीकडेच फुगा काढून बसले असते.

आधी लायनर. हा फोम तापवला की नरम पडतो आणि पायाचा ठसा घेतो. दुकानात त्यासाठी भट्टी किंवा गरम हवेचं यंत्र असतं. घरी एक गावठी उपाय चालतो: मोज्यात कोरडे तांदूळ भरायचे, मायक्रोवेव्हमध्ये चांगले तापवायचे आणि ती पुरचुंडी लायनरमध्ये कोंबायची. आईनं इंद्रायणी द्यायला साफ नकार दिला, रेशनचा तांदूळ दिला. बोटांवर कापलेल्या मोज्याची टोपी, घोट्यावर फोमची चकती, त्यावर पातळ मोजा. हे सगळं आत जेवढी जागा अडवतं, तेवढी नंतर मोकळी मिळते. मग पाय घालून, कड्या बेतानं लावून, पुतळ्यासारखं उभं राहायचं, गार होईपर्यंत. आई समोर भाजी निवडत होती. "एवढी शांत तू शाळेत उभी राहिली असतीस तर," वगैरे.

करंगळीचं दुखणं तेवढ्यानं गेलं. घोट्याचं राहिलं.

(गाड्यांना फिल्म लावण्याचं दुकान. हॉट एअर गनचा आवाज.)

मैत्रिणीचा भाऊ गाड्यांना फिल्म लावतो, त्याच्याकडे गरम हवेची गन आहे. काकांनी बाभळीचा एक गोल गट्टू घासून दिला, सुपारीपेक्षा थोडा मोठा. टूरिंगच्या बुटांचं हे हलकं प्लास्टिक हट्टी असतं. कमी तापलं तर गार झाल्यावर परत मूळ जागी येतं, जास्त तापलं तर चकाकायला लागतं, आणि मग बुटाची माती. त्यामुळे गन सतत फिरती ठेवायची. नरम वाटलं की आतून गट्टू, बाहेरून कडं आणि क्लॅम्पनं हवं त्यापेक्षा थोडं जास्तच ढकलायचं. नंतर हात लावायचा नाही, तसंच रात्रभर गार होऊ द्यायचं. मी काकांना चहा पाजत बसले आणि क्लॅम्पकडे बघायचं नाही असं ठरवून दर पाच मिनिटांनी बघत होते. जवळपास कुणी जाणता बूट-फिटर असेल तर त्याच्याकडेच जा. आमच्याकडे नव्हता, आणि कंपनीची हमी त्या संध्याकाळीच संपली.

(पुन्हा किल्ल्याचा रस्ता. आता ऊन आलंय.)

म्हणून ही पहाटेची वरात. एकच पातळ लोकरी मोजा. चढाला दांडी वर, वरच्या कड्या सुट्या, खालच्या नुसत्या अडकवलेल्या. वर पोचल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, आधी वरची कडी, मग खालच्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात काढले. चौथ्या दिवशी दीड तास घातले. एका ठिकाणी अजून चुरचुरतं, तिथला लायनर रापीनं किंचित तासून घेणार आहे. डांबरावर तळ झिजतो म्हणून कडेच्या मातीतून चालले, तर पिनांच्या भोकांत माती भरली. बर्फात तिथे बर्फ भरतो आणि पीन बसत नाही, म्हणजे सरावच झाला म्हणायचा. चांभारकाकांनी आरीच्या टोकानं दोन मिनिटांत भोकं साफ करून दिली. पैसे घेतले नाहीत. "टाका घातला न्हाई, पैसं कशाचं?"

(गुलमर्ग. फेब्रुवारी. देवदारांवर बर्फ, खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, पेटलेली.)

पाच तास चढून, तासाभरात उतरून आलो होतो. बुखारीपाशी बूट उघडले, लायनर वाळत घातले. शेजारचा श्रीनगरचा मुलगा माझ्या रिकाम्या बुटात डोकावला आणि दचकला. "दीदी, खून निकला है."

मी पाय पुढे केला. कोरडा, गुलाबी, नखं जागच्या जागी.

मग त्याला कुंकू म्हणजे काय ते सांगत बसले. चांभारकाकांपर्यंत यायला चहाचे दोन कप लागले.