अलंकार काढून बघा

मंडळी, अलंकार म्हटलं की आपल्याला शाळेतली व्याकरणाची वही आठवते. 'सम, समान, सारखा, परी' आलं की उपमा. 'जणू, गमे, वाटे, भासे' आलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच सापडलं नाही तर रूपक लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये आजही हेच चालतं, आणि एका गुणासाठी घड्याळाकडे बघत पेपर सोडवणाऱ्या मुलांना मी त्याचा दोष देणार नाही. पण या खुणेवर विसंबलं की फसगत होते. 'माझ्याकडे तुझ्यासारखाच शर्ट आहे.' या वाक्यात 'सारखा' आहे, दोन वस्तू आहेत, साम्य तर ठासून भरलंय. तरी ही उपमा नव्हे. 'गवय (एक रानटी जनावर) गाईसारखा असतो' हे आपल्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण आहे. ते ऐकून रानात गेलेल्या माणसाला अनोळखी जनावर ओळखता येतं, पण काव्य काही हाती लागत नाही. शर्टाला शर्टासारखा म्हणताना मनाला कुठे उडीच मारावी लागत नाही.

म्हणून आज मी अलंकार कोणता, हे फारसं विचारणार नाही. तो वाक्यात काय करतो, ते बघू. त्याची माझी रीत अगदी साधी आहे: अलंकार काढून बघायचा. काढल्यावर सगळं जसंच्या तसं राहिलं, तर तो नुसता मिरवायला होता. काही हरवलं, तर नेमकं काय हरवलं ते शोधायचं.

नावांचा पसारा दोन वाक्यांत आवरतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे काव्यशास्त्रकार दंडीनं एकट्या उपमेचेच तीसहून जास्त प्रकार पाडले आणि अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत एकूण आकडा शंभराच्या पुढे गेला. वर्गवारीची हौस आपल्याकडे कधीच कमी नव्हती. मला या सगळ्यांत 'काव्यप्रकाश' लिहिणारा मम्मट जवळचा वाटतो, कारण काव्याच्या व्याख्येतच तो हळूच म्हणतो, 'अनलंकृती पुनः क्वापि'. म्हणजे क्वचित कुठे अलंकार नसला तरी चालेल. त्याच्याकडे शेवटी परत यायचंय.

आता ज्ञानेश्वरीतल्या दोन ओव्या घेऊ. पहिला अध्याय. अर्जुन गळाठलाय. ज्ञानदेव आधी आठवण करून देतात की हा तोच, ज्याने संग्रामात हराला, म्हणजे शंकराला जिंकलं, निवातकवच नावाच्या दैत्यांचा ठाव पुसला. अशा माणसाला मोहानं क्षणात कवळलं, हे श्रोत्याला पटायचं कसं? तिथे भुंगा येतो.

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥
तेथ उत्तीर्ण होईल प्राणें । परि तें कमळदळ चिरूं नेणें ।
तैसें कठिण कोंवळेपणें । स्नेह देखा ॥

भुंगा कोरडं ठणठणीत लाकूड पोखरतो आणि कोवळ्या कळीत मात्र अडकतो. जीव देईल, पण पाकळी चिरणार नाही. आता उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते, बदलून बघा. 'जाळ्यात अडकलेल्या सिंहासारखा अर्जुन' असं म्हटलं तर? बलवान जीव अडकला, एवढं जुळलं. पण जाळं दुसऱ्यानं टाकलेलं असतं, सिंहाला ते तोडायचं असतं आणि जमत नसतं. भुंग्याचं तसं नाही. त्याच्यापाशी पाकळीच्या शंभरपट कठीण वस्तू भेदणारं हत्यार आहे. ते तो वापरत नाही, इतकंच. 'चिरूं न शके' असं ज्ञानदेव म्हणत नाहीत, 'नेणें' म्हणतात. अर्जुनाचं गांडीवही काही मोडलेलं नाही. समोर भीष्म-द्रोण आहेत म्हणून ते गळून पडतंय. शौर्य असून ते निरुपयोगी होणं हा अर्जुनाचा सगळा पेच या भुंग्यात मावलाय. शेवटचा चरण तर बघत राहावा असा: स्नेह कठीण आहे, आणि कशानं कठीण, तर कोवळेपणानं. व्याकरणाच्या वहीत त्याला विरोधाभास म्हणतील. म्हणू देत. पण हा चरण भुंग्याच्या आधी आला असता तर शब्दांचा खेळ वाटला असता. भुंगा बघितल्यावर तो साधा अनुभव वाटतो.

भुंग्याची ही कल्पना संस्कृत सुभाषितातही आहे, 'दारुभेदनिपुणोऽपि' म्हणून. उपमान नवीन असलंच पाहिजे असा हट्ट आपल्याकडे कधी नव्हता. ते कुठे आणून ठेवलं, याला किंमत होती.

दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या घरातलं. अतिशयोक्ती म्हणून सगळ्यांना पाठ असलेलं.

दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं,
मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली,
उरलेलं तेल झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला,
वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला.

हसलात ना? आता हेच 'दमडीच्या तेलात उंट पोहला' असं सांगून बघा. कोणी हसणार नाही. उंट यायच्या आधी न्हाणं, दाढी, शेंडी अशी घरातली, खरी वाटणारी कामं ओळीनं झाली पाहिजेत. त्यातही 'उरलेलं तेल झाकून ठेवलं' ही ओळ तर सगळ्यांत बेरकी. एवढं सगळं होऊन उरलंच, वर ते नीट झाकूनही ठेवलं! अतिशयोक्ती फुगवून होत नाही, ती अशी पायरीपायरीनं चढवावी लागते.

आणि हे बोलतंय कोण? सासूबाई, मामंजी, भावोजी ही नाती फक्त एकाच व्यक्तीच्या तोंडी येतात. घरातल्या सुनेच्या. सगळ्यांना तेल पुरलं, उंटालासुद्धा पुरलं. तिच्या स्वतःच्या केसांना लागलं का? त्याचा उल्लेख नाही. अलंकार काढून बघायची रीत इथे लावा: 'माझ्या सासरी तेलातही काटकसर करतात आणि माझ्या वाट्याला काही येत नाही.' हे ती बोलली असती तर काय झालं असतं, ते इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको. उंटाच्या आडून बोलली म्हणून बोलता आलं, आणि ऐकणाऱ्या सासूलाही हसावं लागलं.

शब्दालंकारांबद्दल, म्हणजे शब्दांच्या नादावरच्या अलंकारांबद्दल, थोडंच बोलतो. मोरोपंतांनी (1729–1794) एकशे आठ रामायणं रचली, त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. ओठ मिटल्याशिवाय न उच्चारता येणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात वर्ज्य. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! पठ्ठ्यानं ते तडीस नेलं. मी थक्क होतो, पण पुन्हा वाचायला घेत नाही. त्याच पंतांच्या 'केकावली'तलं 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी बसलं. घडो, पडो, झडो, नावडो हे शब्द एकापाठोपाठ येतात आणि मागणं मागण्यासारखंच ऐकू येतं. तिथलं यमक काढलं तर नुसती नीतिवचनांची यादी उरेल.

घरात तर आपण अलंकारांवाचून पाऊलही टाकत नाही. बांगडी फुटत नाही, ती वाढवते. नारळ वाढवतात. निघताना 'जातो' म्हटलं की आजी दटावते, 'येतो म्हण.' ताटावर बसा म्हटल्यावर ताटात कोणी चढत नाही. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कोणी अलंकार म्हणत नाही, आणि त्याचं काम अशाच वेळी सगळ्यांत जोरात चालू असतं.

वर्तमानपत्र उघडा. निवडणूक आली की रणशिंग फुंकलं जातं, कोणी शड्डू ठोकतं, कोणी बालेकिल्ला राखतं, कोणाच्या गडाला खिंडार पडतं. निम्मे शब्द किल्ल्यावरचे, निम्मे तालमीतले. आपल्या मुलखाचा इतिहास बघता ते साहजिकही आहे. पण या चित्रात मतदार कुठे उभा आहे? किल्ल्याला किल्लेदार असतो, फौज असते. आखाड्याला पैलवान असतात. मतदाराला तिथे फार तर कडेला बसून टाळ्या वाजवायला जागा. रूपक एकदा पत्करलं की त्यात ज्याला जागा नाही तो बातमीतूनही निघून जातो.

'कांद्यानं रडवलं' हा मथळा तुम्ही किती वेळा वाचलाय? भाव चढला की गिऱ्हाईक रडतं, भाव पडला की लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी रडतो. हा श्लेष, म्हणजे एका शब्दाचा दुहेरी अर्थ, दोन्हीकडे तितकाच चपखल बसतो, आणि तीच मला त्यातली खोट वाटते. भाव कशानं पडला, निर्यात कोणी थांबवली, हे विचारायच्या आत कांद्यावर आळ घेऊन वाचक हसून मोकळा होतो. इथे अलंकार काढून मथळा लिहिला तर तो लांबेल, रुक्ष होईल. पण त्यात निदान कोणीतरी कर्ता आणावा लागेल.

आता मम्मटाकडे येतो. त्याच्या आधी भामह नावाच्या काव्यशास्त्रकारानं एक ओळ देऊन विचारलं होतं: सूर्य मावळला, चंद्र झळकतोय, पाखरं घरट्याकडे निघाली, हे कसलं काव्य? ही तर वार्ता झाली! वक्रोक्ती, म्हणजे वळणानं बोलणं, नाही, अलंकार नाही, म्हणून भामहानं ती निकालात काढली. मम्मटानं त्यातलं पहिलंच वाक्य उचललं. 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला. आणि म्हणाला, हे कोण कोणाला सांगतंय ते बघा. सेनापतीला सांगितलं तर त्याचा अर्थ शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली. दूतीनं नायिकेला सांगितलं तर भेटीला निघ. गुराख्याला म्हटलं तर गुरं आत घे, मजुराला म्हटलं तर काम थांबव, ब्राह्मणाला म्हटलं तर संध्येला बस, दुकानदाराला म्हटलं तर माल आवर. अलंकार एकही नाही. काढून बघायला काही हातातच नाही, तरी अर्थ बदलतच राहतो. तो अर्थ वाक्यात नसतो. बोलणारा, ऐकणारा आणि वेळ यांच्यामध्ये तो कुठेतरी असतो, आणि अलंकारांच्या शंभर नावांत त्याला जागा नाही. त्याचं शास्त्र वेगळं, ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं. त्यावर बोलायचं तर आणखी एक संध्याकाळ लागेल.

वाचनालयाचे चिटणीस मघापासून दाराशी उभे राहून माझ्याकडे बघताहेत. मंडळी, सूर्य मावळलाय.