उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. गुडघ्याचे सांधेरोपण करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण 'गुडघा किती वाकतो?' असे विचारतो. तो सरळ किती होतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

आपण 'वाटी बदलली' म्हणतो, परंतु या शस्त्रक्रियेत मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून तेथे धातूचे भाग बसवतात व मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकची चकती ठेवतात. सांधा नवा मिळतो. मांडीचे स्नायू मात्र जुनेच, वर्षानुवर्षांच्या दुखण्याने दुबळे झालेले असतात.

मी एका सत्तरीच्या आजींना व्यायाम शिकवायला त्यांच्या घरी जात असे. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते, जखम भरली होती, गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत होता, आणि तरीही चार पावलांत मांडी भरून येत असल्यामुळे आजी वॉकर सोडायला धजत नव्हत्या. पाहतो तो सुनेने मोठ्या मायेने त्यांच्या गुडघ्याखाली जाड उशी ठेवलेली. 'तेवढाच आराम पडतो त्यांना,' ती म्हणाली. उशी काढून पाय पलंगावर सरळ ठेवायला सांगितला, तर गुडघ्यामागच्या पोकळीत माझी मूठ सहज गेली. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहायचे, तर मांडीच्या स्नायूला क्षणाचाही विसावा मिळत नाही. मी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली दिली आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायला सांगितले. पाच आकडे मोजण्याऐवजी आजी 'राम कृष्ण हरी' म्हणत, आणि कळ आली की 'हरी' लांबत असे. मुठीची जागा चार बोटांवर आली, मग दोन बोटांवर, आणि एके दिवशी गुडघ्यामागे सरकवलेला माझा रुमाल त्यांनी असा दाबून धरला की मला तो ओढून काढता येईना. त्या दिवशी सुनेच्या डोळ्यांत पाणी आले.

म्हणून पुन्हा सांगतो: उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नव्हे.

2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, हे फार चांगले झाले; पण शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाच्या खर्चालाच घरात आधी कात्री लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सूज काही महिने राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते. त्याने घाबरू नये. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

आजी आता विठ्ठलाच्या देवळाच्या पायऱ्या कठडा धरून चढतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. जमिनीवर मांडी घालणे त्यांनी सोडले आहे. कीर्तनाला त्यांची खुर्ची खांबाजवळ मांडलेली असते.