टोंगाची केबल तुटते तेव्हा

१५ जानेवारी २०२२. पॅसिफिकमधल्या टोंगात समुद्रातला हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला आणि थोड्याच वेळात अख्ख्या देशाचं इंटरनेट गेलं, परदेशी फोन पण बंद. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात राहणारी टोंगाची माणसं घरी फोन लावतायत, लावतायत, लागतच नाही.

कारण तेव्हा देशाबाहेर जाणारी, समुद्राखालची इंटरनेट केबल एकच होती. टोंगा ते फिजी, ८०० किलोमीटरच्या वर, २०१३ मध्ये सुरू झालेली. ती चालवते टोंगा केबल लिमिटेड, छोटीशी कंपनी, आणि याच कंपनीची दुसरी केबल राजधानीच्या टोंगाटापू बेटावरून हापाई आणि वावाऊ या बेटांकडे जाते.

खोल समुद्रातली केबल असते बागेच्या पाइपाएवढी जाड. आत केसासारख्या काचेच्या तारा, त्यातून प्रकाश धावतो, बाहेरून स्टील, तांबं, प्लास्टिक. एरवी ती तोडतात बोटींचे नांगर आणि मासेमारीची जाळी, इथे तर ज्वालामुखीचा राख-दगडांचा लोंढा समुद्राच्या तळावरून गाडीच्या स्पीडने धावत आला आणि दोन्ही केबल घेऊन गेला.

आता रिपेअरचं बघा. किनाऱ्यावरून केबलमध्ये प्रकाशाचा झटका सोडतात, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून तुटलंय कुठे ते कळतं, हे काम पटकन होतं. खरी रखडपट्टी पुढे, कारण त्यासाठी लागतं केबलचं खास जहाज आणि असली जहाजं जगात मोजकीच. रिलायन्स नावाचं जहाज (आपल्याकडच्या रिलायन्सशी काही संबंध नाही हं) पापुआ न्यू गिनीहून निघालं, टोंगात पोचलं, मग दोराला लोखंडी गळ लावून तळ खरवडायचा, केबलचं टोक वर ओढायचं, डेकवर एकेक काचेची तार जोडायची. काही ठिकाणी केबल सापडलीच नाही, गाळाखाली गाडली गेलेली, तिथे नवीन टाकली. २२ फेब्रुवारीला टोंगाटापूचं नेट आलं.

पण हापाई-वावाऊचं काय? त्यांच्या केबलचा १०० किलोमीटरच्या आसपास तुकडा गेलेला आणि एवढी स्पेअर केबल होतीच कुठे, नवी बनवून घ्यावी लागली. तोवर ही बेटं सॅटेलाइटच्या स्लो नेटवर. राजधानीला पाच आठवडे लागले, यांना दीड वर्ष, आणि बातम्यांमध्ये तर टोंगाचं नेट फेब्रुवारीतच ‘परत आलं’ होतं.

२०२४ च्या जूनअखेर भूकंप झाला आणि हापाई-वावाऊची तीच केबल पुन्हा तुटली.