‘गोड’ या शब्दापाशी थांबलेली उत्तरपत्रिका

(नागपुरात मराठीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सहकारी मित्रमैत्रिणींनो, मे महिन्यातली पेपर तपासणी आपण सगळ्यांनीच केलेली आहे. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खिडकीतला कूलर घरघरतोय, समोर गठ्ठे आणि संध्याकाळपर्यंत ते संपवायचे. अशा वेळी रसग्रहणाचं उत्तर आपण वाचत नाही, त्यावरून नजर फिरवतो. कवीचं नाव आलं, प्रतिमा, प्रतीकं, नादमाधुर्य हे शब्द आले, दोन ओळी उद्धृत केलेल्या दिसल्या, अक्षर बरं आहे, की दहापैकी सात. मीही अनेक वर्षं असेच गुण दिले आहेत. आज मला बोलायचं आहे ते या सातबद्दल.

बालकवींची ‘औदुंबर’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आठच ओळी, शेवटच्या दोन अशा : ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अंतर्गत मूल्यमापनासाठी मी तिचं रसग्रहण लिहायला दिलं. बहुतेक उत्तरांची सुरुवात एकच होती : बालकवी हे निसर्गकवी होते. पुढे निसर्गाचं मनोहारी चित्रण, रंगांची उधळण, निर्जीवाला सजीव मानणारा चेतनगुणोक्ती अलंकार. चूक काहीच नाही. पण कवितेचं नाव बदलून तेच उत्तर बालकवींच्याच ‘फुलराणी’ला लावा, चपखल बसेल. जे उत्तर दोन कवितांना चालतं, ते लिहिताना एकही कविता वाचलेली नसते.

त्याच गठ्ठ्यात भंडाऱ्याकडच्या एका मुलाचा निबंध होता. दीड पान, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका भरपूर, अलंकाराचं नावसुद्धा नाही. पहिल्या वाचनात मी त्याला चार गुण दिले. मग गठ्ठा बांधताना पान उलटलं आणि एक वाक्य डोळ्यांत भरलं. त्यानं लिहिलं होतं की पायवाट पांढरी आहे, ती हिरव्यातून निघते आणि काळ्या डोहाकडे जाते, पण तिथून परत येताना दिसत नाही. मी खुर्चीत पुन्हा बसलो. इतकी वर्षं ही कविता शिकवतोय, पण वाटेचं हे मी कधी वर्गात बोललो नव्हतो. पुढे त्यानं लिहिलं होतं की त्यांच्या गावच्या तळ्याच्या पाळीवर उंबर आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलेली दिसतात, म्हणून ‘पाय टाकुनी’ ही त्याला कल्पना वाटतच नाही, कवीनं डोळ्यांनी बघितलेली गोष्ट वाटते. आणि शेवटी एक अडचण मांडली होती : डोह काळा आहे, भीती वाटायला हवी, मग कवी काळिम्याला ‘गोड’ का म्हणतो? उत्तर त्याला सापडलं नव्हतं. तसं त्यानं सरळ लिहून टाकलं होतं.

मी त्याचे आठ केले. आणि ज्यांना सात दिले होते ते सगळे निबंध परत काढून वाचले.

‘गोड’ या शब्दापाशी मी एवढा का रेंगाळतोय, ते सांगतो. अर्थ लावणं म्हणजे काहीही म्हणणं नव्हे. एखादा विद्यार्थी लिहील की औदुंबर म्हणजे मृत्यू, दुसरा लिहील विरक्ती, तिसरा लिहील निवांतपणा. तिन्ही चालतील. परीक्षकानं बघायचं ते एवढंच, की आपल्या अर्थाच्या आड येणाऱ्या शब्दाला तो सामोरा गेला का. मृत्यू म्हणणाऱ्यानं ‘गोड’ला उत्तर द्यायला हवं. निवांतपणा म्हणणाऱ्यानं ‘झांकळुनी’ला द्यायला हवं. सोयीच्या ओळी वेचून गैरसोयीची ओळ जो वगळतो, त्याचा अर्थ कितीही सुंदर भाषेत मांडलेला असो, तो कच्चा आहे. आणि अडलेल्या जागी ‘मला इथे अडतंय’ असं जो लिहितो, त्याला त्या जागेचे गुण मिळायलाच हवेत.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, हे तुमचं मत झालं, दुसरा परीक्षक वेगळं मोजेल. खरंच आहे. 1961 साली अमेरिकेत प्रिन्स्टनला एक अभ्यास झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे 300 निबंध, वेगवेगळ्या क्षेत्रांतले 53 वाचक. निकष कुणी ठरवून दिले नव्हते, नऊ श्रेणींमध्ये वर्गवारी करायची होती. सुमारे एक तृतीयांश निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. म्हणजे एकच निबंध कुणाला सर्वोत्तम वाटला आणि कुणाला अगदी टाकाऊ. कुणाला विचार महत्त्वाचा वाटत होता, कुणाला व्याकरण, कुणाला मांडणी. वाचक आळशी होते असं नाही, प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत होता.

म्हणून तपासायला बसण्याआधी एकत्र बसून काय मोजायचं ते ठरवायला हवं, आणि ते नुसतं कागदावर नाही, खऱ्या उत्तरांवर. मी आता गठ्ठ्यातली पाच-सहा उत्तरं आधी गुण न देता वाचतो. एका मुलाची अख्खी उत्तरपत्रिका सलग तपासत नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न घेतो, म्हणजे पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही. शुद्धलेखनाचे गुण वेगळे काढतो. त्या मुलाला मी आधी चारच गुण दिले ते असं न केल्यामुळेच : चुकलेल्या वेलांट्या मी विचारातून वजा केल्या होत्या. विदर्भातल्या खेड्यातून येणारं पोर ‘ऱ्हायते’, ‘दिसून राह्यलं’ लिहितं तेव्हा प्रमाणभाषा जरूर शिकवावी, पण तिची शिक्षा त्याच्या वाचनाला होऊ नये.

आणि शेरा. ‘छान’, ‘अधिक अभ्यास हवा’ हे शेरे कुणासाठीच नसतात. त्या मुलाच्या समासात मी लिहिलं : वाट परत येत नाही हे तुला दिसलं, आता ‘असला’ हा शब्द बघ, ‘असला औदुंबर’ म्हणजे कसला? आठवड्यानं तो दारात उभा. हातात कागद, आणि ‘असला’वर आणखी पाऊण पान. त्याचे गुण नव्हते, हे त्याला ठाऊक होतं.

आता तुमच्या प्रत्येकासमोर तीन उत्तरांच्या झेरॉक्स ठेवल्या आहेत. नावं झाकली आहेत. शेजाऱ्याशी न बोलता वाचा, गुण मागच्या पानावर लिहा, आणि शेजारी तो शब्द लिहा ज्याच्यापाशी विद्यार्थी थांबला असं तुम्हाला वाटतं. वीस मिनिटं घेऊ. मग फळ्यावर सगळ्यांचे आकडे मांडू.