दहाच्या आतलं आर्सेनिक

[दृश्य: काचेची बाटली, झाकणात अडकवलेली कागदाची पट्टी]

बाटलीत पाणी आहे, अगदी नितळ. त्यात आधी आम्लाची पूड पडते, मग जस्ताची. फसफस सुरू होते. झाकणातल्या पट्टीला मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेलं आहे. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होतो, वर चढतो आणि पट्टीवर डाग उमटतो. भरपूर असेल तर तपकिरी, कमी असेल तर पिवळा. अगदीच कमी असेल तर पट्टी उजेडाकडे धरून बघावी लागते. एकाला ती पिवळसर वाटते, शेजारी उभा असलेला म्हणतो, पांढरीच आहे की.

आपली गोष्ट या पिवळसर पट्टीची आहे. पाण्यातल्या थोड्याशा आर्सेनिकची, आणि ते हृदयाचं काय करतं त्याची.

सोमल म्हटलं की जुन्या कथांमधलं विष आठवतं. दुधातून दिलेलं, एका रात्रीत काम तमाम करणारं. आर्सेनिकची ती ओळख इतकी पक्की बसली आहे, की रोज घोटाघोटाने, वर्षानुवर्षं पोटात जाणारं आर्सेनिक आपल्या लेखी विषच नसतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. खडकातून झिरपत ते भूजलात उतरतं आणि तिथून पेल्यात येतं.

[दृश्य: नळाखाली भरत जाणारा पेला]

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून चिमूटभर पूड टाका, इतकं. आधी ही मर्यादा 50 होती, 1993 मध्ये ती 10 वर आली. अमेरिकेने 2001 मध्ये हाच आकडा ठरवला, अंमल सुरू झाला 2006 पासून.

पण हा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2000 साली आधी 5 चा प्रस्ताव मांडला होता. तांत्रिकदृष्ट्या 3 पर्यंतही जाता येईल, असं तिचंच म्हणणं होतं. मग खर्चाचा हिशेब झाला आणि गाडी 10 वर थांबली. त्या हिशेबात मुख्य वजन होतं मूत्राशयाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं. हृदय त्यात जवळपास नव्हतंच.

खरं तर हृदयाची खूण बरीच आधी दिसायला हवी होती.

[दृश्य: चिलीचं वाळवंट, डोंगरातून शहराकडे येणारी जलवाहिनी]

चिलीमधलं अंतोफगास्ता हे शहर. 1958 मध्ये तिथे नदीचं नवं पाणी आलं आणि त्याबरोबर आलं लिटरला सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक. शुद्धीकरण केंद्र सुरू झालं 1970 मध्ये. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. या शहराने ती बारा वर्षं नकळत दिली. पुढे संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी वर्षवार लावल्या तेव्हा क्रम लक्षात आला. कर्करोगाचे मृत्यू वाढले ते बऱ्याच वर्षांनी. हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू मात्र लोक ते पाणी पीत होते तेव्हाच वाढले होते.

अर्थात 860 म्हणजे फारच झालं. थोड्या आर्सेनिकचं काय?

[दृश्य: शीतपेटीतल्या गोठवलेल्या नमुन्यांच्या नळ्या]

1989 ते 1991 या काळात अमेरिकेतल्या ॲरिझोना, ओक्लाहोमा आणि उत्तर व दक्षिण डकोटा इथल्या आदिवासी समुदायांमध्ये हृदयरोगाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हा घेतलेले लघवीचे नमुने गोठवून ठेवले होते. कोणाला तरी ते जपून ठेवायची बुद्धी झाली, हे आपलं नशीब. नंतर त्यातलं आर्सेनिक मोजलं गेलं. 45 ते 74 वयाची 3,575 माणसं, आणि जवळपास वीस वर्षांचा पाठपुरावा. धूम्रपान, वजन, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही, ज्यांच्या लघवीत आर्सेनिक सर्वांत जास्त होतं त्या पाव गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सर्वांत कमीवाल्या पाव गटापेक्षा 65 टक्क्यांनी जास्त निघाला. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मग 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शिक्षिकांचा अभ्यास आला. यात 98 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं. ज्यांच्या पाण्यात आर्सेनिकची दहा वर्षांची सरासरी लिटरला 5 ते 10 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होती, म्हणजे कायद्याच्या भाषेत पाणी सुरक्षितच, त्यांच्यातही हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका 1 पेक्षा कमी आर्सेनिकवाल्यांच्या तुलनेत सुमारे 20 टक्के जास्त आढळला. 10 च्या पुढे तो 42 टक्क्यांवर गेला.

इथे जरा थांबू. 20 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या वीस जणांना झटका येणार, असं नाही. ज्याचा मूळ धोका कमी, त्याची वाढही थोडीच. शिवाय कोण घरी किती पाणी प्यायलं, हे या अभ्यासांत पेला धरून मोजलेलं नसतं. पण लाखो लोक रोज तेच पाणी पितात, तेव्हा थोडी वाढही थोडी राहत नाही.

[दृश्य: रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, ॲनिमेशन]

आत नेमकं काय होतं? रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्त अडखळत नाही. आर्सेनिकमुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, अस्तराला सूज येते. सुजलेल्या अस्तरात चरबी रुतायला वेळ लागत नाही. मानेतल्या धमनीची भिंत जाड झालेली सोनोग्राफीत दिसते. हृदयाच्या विद्युत लयीवरही परिणाम होतो. रक्ताच्या एका कर्करोगावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे औषध म्हणून चालतं, आणि ते देताना डॉक्टर रुग्णाचा ईसीजी वरचेवर बघतात, ते याचसाठी.

त्यात तंबाखूचा धूर मिसळला तर? बांगलादेशातल्या आराइहाजारमध्ये 11 हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. आर्सेनिक आणि धूम्रपान एकत्र आले की हृदयरोगाने मृत्यूचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त भरला.

यकृत आपल्या परीने झुंजतं. आर्सेनिकला मिथाइलचे गट जोडून ते लघवीवाटे बाहेर काढतं. सगळ्यांचं यकृत हे काम सारख्याच सफाईने करत नाही, म्हणून एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोघांना सारखाच त्रास होईल असं नाही. तपासणी करायची असेल तर त्याआधी काही दिवस मासे बंद ठेवायला सांगतात. माशांतलं आर्सेनिक निराळ्या जातीचं, जवळपास निरुपद्रवी. पण एकूण आकडा फुगवतं आणि माणूस उगाच घाबरतो.

[दृश्य: पुन्हा बाटली, या वेळी प्रयोगशाळेच्या टेबलावर]

पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, आर्सेनिक मागे राहतं, उलट दाट होतं. साध्या कोळशाच्या फिल्टरवर विसंबू नये. आरओ किंवा लोहाच्या संयुगांवर आर्सेनिक धरून ठेवणारा फिल्टर काम करतो. 5 की 8 हे पट्टी सांगू शकत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

अमेरिकेत 2006 च्या नियमानंतर सार्वजनिक पाणी पिणाऱ्यांच्या लघवीतलं आर्सेनिक सुमारे 17 टक्क्यांनी उतरलं. स्वतःच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांत तशी घट दिसली नाही. खासगी विहिरीला तो नियम लागूच नाही, तिचं पाणी तपासायचं की नाही ते मालकाने ठरवायचं.

आणि फिल्टर बसवला म्हणजे काम संपलं असंही नाही. त्यातला आर्सेनिक धरून ठेवणारा थर एक दिवस भरून जातो. त्या दिवशीही पाणी तसंच नितळ दिसतं, चवही तीच. म्हणून ठरावीक महिन्यांनी पुन्हा बाटली भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि लेबलवर तारीख लिहायची.